हप्त्याची तारीख आणि सार्वकालिक जीवन

इंदूरच्याच एका भगिनीचा प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत, थोडा आटोपता करून देते:

"मावशी, मिस्टरांची पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी गेली, आता ते भाड्याची टॅक्सी चालवतात. घराचा हप्ता चालूच आहे. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालाय, रात्रीतून तीन-तीनदा उठतात. मी शाळेत शिकवते, मुलगा दहावीत आहे. रविवारी उपासनेत पाळकसाहेब सांगतात, 'वरील गोष्टींकडे मन लावा', आणि माझ्या डोक्यात हप्त्याची तारीख फिरत असते. रोजच्या या रगाड्यात सार्वकालिक गोष्टींवर नजर ठेवायची कशी? की माझा विश्वासच आटलाय? खरं सांगू, स्वर्गाची आठवण येते, पण ती दमल्यामुळे येते. एकदाची सुटले तर बरं, असं वाटतं. हे पाप आहे का?"

मावशी म्हटलंस, तेव्हा मी सरळ 'तू' म्हणते. माझं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं आणि निवृत्तीनंतर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्त्री-संगतीत, लोकांचं ऐकण्यात. त्या सवयीनं तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे थांबतील, तो थांबवून ठेवण्यातला नाही.

सुटावंसं वाटणं पाप नाही. एलीयाला वाटलं होतं. कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांसमोर परमेश्वराची बाजू खरी करून दाखवणारा संदेष्टा, ईझेबेल राणीची धमकी आली तसा रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला. बायबलमधला १ राजे १९ पुन्हा वाच, आणि देवानं काय केलं ते बघ. रागावला नाही, उपदेशही केला नाही. झोपू दिलं. देवदूतानं हलवून उठवलं तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला, परत झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं. होरेब डोंगरावर देवाशी बोलणं झालं ते त्याच्याही नंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर.

पण नर्स म्हणून एक थेट विचारते. हे 'सुटले तर बरं' नुसतं संध्याकाळी दमून येणारं वाक्य आहे, की कसं सुटायचं याचाही विचार मनात येतो? दुसरं असेल तर आज रात्रीच मिस्टरांना सांग, उद्या डॉक्टरकडे जा, आणि तेवढाही धीर नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन कर. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. आपल्या मंडळ्यांमध्ये मनाच्या आजारावर औषध घेणारी चांगली प्रार्थनाशील माणसं आहेत, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

प्रेषित पौल, ज्याची मंडळ्यांना लिहिलेली पत्रं बायबलमध्ये आहेत, त्यालाही इथून निघून ख्रिस्ताजवळ जावंसं वाटत होतं. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात त्यानं ते लपवलेलं नाही. त्याच दमात तो म्हणतो की तुमच्यासाठी मी राहणं जास्त गरजेचं आहे, आणि राहतो. मला वाटतं, थकव्यातून येणारी ओढ आणि प्रेमातून येणारी ओढ यांत फरक करायची साधी खूण हीच आहे. थकव्याची ओढ झोप झाली की ओसरते. प्रेमाची ओढ पोटभर जेवून, शांत झोपून उठल्यावरही असते आणि तिच्यामुळे घरातली माणसं नकोशी होत नाहीत. तुझी आत्ताची ओढ पहिल्या जातीची असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिला सार्वकालिक दृष्टी समजू नकोस.

विश्वास आटलाय का? रात्री तीनदा उठणाऱ्या, सकाळी डबे भरून, कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की डबा घेऊन धावणाऱ्या आणि मग दिवसभर मुलांपुढे उभं राहणाऱ्या बाईचं मन प्रार्थनेत लागत नाही, यात अध्यात्म शोधू नये. झोप शोधावी. ती कशी मिळवायची ते खाली लिहिते.

आता मुख्य प्रश्न. 'वरील गोष्टींकडे मन लावा, पृथ्वीवरील गोष्टींकडे लावू नका' हे पौलाच्याच कलस्सैच्या पत्रातलं, ३:२. हे वचन आपण सुटं वापरतो आणि मग वाटतं की घर, पैसा, म्हातारी माणसं, मुलाची परीक्षा हे सगळं खालचं, आणि मन तिथून उचलून कुठेतरी ढगांत ठेवायचं आहे. पण पौलाला 'पृथ्वीवरील' म्हणजे काय म्हणायचं आहे ते तो तीनच ओळींनी पुढे सांगतो: जारकर्म, वासना, लोभ, आणि मग राग, निंदा, खोटं बोलणं. हप्ता त्या यादीत नाही. सासूबाई तर नाहीतच. आणि 'वरील' काय, तेही पुढे येतं: करुणा, ममता, सौम्यता, क्षमा. त्यानंतर अध्याय थेट घरात शिरतो. नवरा-बायको, मुलं, मालक आणि दास, आणि 'जे काही तुम्ही करता ते जिवेभावे प्रभूसाठी म्हणून करा'. म्हणजे वर मन लावायला सांगून पौल आपल्याला स्वयंपाकघरात आणून सोडतो.

१ करिंथ १५ मध्ये तर हे आणखी स्पष्ट आहे. अख्खा अध्याय पुनरुत्थानावर. शेवटचा कर्णा, अविनाशीपण, 'अरे मरणा, तुझी नांगी कोठे'. आपण तो अंत्यविधीला वाचतो आणि कब्रस्तानातच ठेवून येतो. त्याचं शेवटचं वचन असं, की स्थिर व्हा, प्रभूच्या कामात तत्पर असा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि त्याच्या पुढची ओळ? 'आता पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी'. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, पौलाच्या पत्रात ते नव्हते. त्यानं मरणावरच्या विजयाचं वाक्य संपवलं आणि लगेच पैशांचं काढलं. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर धावपळ नको. मग कुठून कुठे जाणार, हिवाळा कुठे काढणार, तीमथ्य येईल तेव्हा त्याला कोणी कमी लेखू नये. ज्या माणसाला अनंतकाळ इतका लख्ख दिसत होता त्याचं प्रवासाचं वेळापत्रक आणि वर्गणीचा हिशेब चोख होता. तेव्हा उपासनेत बसल्यावर हप्ता आठवला तर दचकू नकोस. पैशाचा विषय पौलानंही रविवारसाठीच काढला होता.

मला सांगायचं आहे ते एवढंच: सार्वकालिक दृष्टी म्हणजे आजचं काम मरणाशी संपत नाही हे धरून आजचं काम करणं. त्यानं दिवस हलका होईल अशी हमी मी देत नाही. उलट त्याला वजन येतं. मेलेल्यांतून कोणी उठत नसेल तर सासूबाईंची अंघोळ ही एका संपत आलेल्या देहावर वाया घालवलेली मेहनत आहे. पण पौलाचं म्हणणं खरं असेल, तर जो देह तू रोज पुसतेस तोच उठवला जायचा आहे.

आपल्याला लहानपणापासून स्वर्ग म्हणजे जायचं ठिकाण असंच शिकवलं जातं. बायबलचा शेवट उलटा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. प्रकटीकरण २१ मध्ये पवित्र नगरी खाली उतरते, देवाचा मंडप माणसांजवळ येतो. 'आपले नागरिकत्व स्वर्गात आहे' हेही असंच समजून घ्यायला हवं. फिलिप्पै ही मासेदोनिया प्रांतातली रोमची वसाहत होती. ख्रिस्तपूर्व ४२ मध्ये तिथे मोठी लढाई झाली, आणि पुढे निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देऊन तिथे वसवलं गेलं. त्यांना रोमचा अभिमान होता, कायदा रोमचा, पण रोमला परत जायचं म्हणून ते बाडबिस्तरा बांधून बसले नव्हते. मासेदोनियात राहून रोमन म्हणून जगायचं होतं. आपण इंदूरचे मराठी लोक हे चटकन समजू शकतो. होळकरांच्या काळात आलेल्यांचे वंशज आज कुणी पुण्या-साताऱ्याची गाडी पकडायला स्टेशनवर ताटकळत नाहीत. इथलीच शेव खातात, बाजारात झकास हिंदी बोलतात, रविवारी उपासनाही हिंदीतून करतात, आणि घरी आल्यावर आजीच्या मराठी बायबलमधूनच वाचतात. दूरच्या घराची ओळख इथल्या घरात जगायची असते. फिलिप्पैच्या त्या वचनातही पुढे हेच आहे की तिथून तारणारा येणार आहे, त्याची आपण वाट पाहतो, आणि आपलं हे दुबळं शरीर तो पालटणार आहे.

आता सासूबाईंबद्दल. तुझ्या पत्रात त्यांच्यासाठी एकच ओळ आहे आणि मला वाटतं सगळ्यात जड ओझं तेच आहे. स्मृतिभ्रंशाच्या माणसाची सेवा इतर सेवेपेक्षा वेगळी असते, कारण ती जमा होत नाही. ऑपरेशनच्या रुग्णाला रोज थोडं बरं वाटतं, तो घरी जाताना हात हातात घेतो. इथे तुम्ही सकाळी प्रेमानं न्हाऊ घालता आणि दुपारी त्या पाहुण्यांना सांगतात की मला चार दिवस कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हा राग येतो. येणारच. वॉर्डात मी मुलींना म्हणायचे, बाहेर जा, दोन मिनिटं भिंतीशी बोल, मग आत ये.

मत्तय २५ मधला न्यायाचा प्रसंग या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यातली एक गोष्ट प्रवचनांत सहसा येत नाही. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आजारी होतो तेव्हा समाचाराला आलात. आणि ते काय म्हणतात? 'प्रभो, कधी?' त्यांना आठवतच नाही. ज्यांना दिलं त्यांनाही कदाचित आठवत नसेल. सगळ्या प्रसंगात लक्षात ठेवणारा एकटा राजा आहे. इब्री ६:१० मध्येही हेच आहे की तुमचं काम आणि त्याच्या नावावर तुम्ही दाखवलेलं प्रेम विसरून जाईल इतका देव अन्यायी नाही. यशयाच्या ४९ व्या अध्यायात तर आई तान्ह्याला विसरू शकते हेसुद्धा मान्य करून टाकलं आहे. 'तरी मी तुला विसरणार नाही'. तुझ्या घरातल्या आईला तुमची नावं आठवत नाहीत. हे वचन त्यांच्यासाठी आहे आणि तुझ्यासाठीही.

या दृष्टीचा रोजचा उपयोग असा कर. रात्री दिवा मालवताना पाच मिनिटांची वेगळी प्रार्थना जमत नसेल तर सोडून दे. फक्त आज वाया गेलंसं वाटलेलं एक काम आठव. न्हाऊ घातलं ते त्या विसरल्या. मुलाला समजावलं, तो मोबाईलमध्येच होता. त्या कामाचं नाव घेऊन देवाला सांग, आणि म्हण, 'हे व्यर्थ नाही असं तू म्हटलं आहेस.' पटलंच पाहिजे असं नाही. म्हणायचं. वॉर्डात रात्रपाळी संपताना मी हेच करत असे, आणि कित्येकदा अजिबात पटलेलं नसायचं.

दोन प्रकारच्या बोलण्यापासून मात्र जप. एक, 'सोस बाई, स्वर्गात मुकुट मिळेल'. मार खाऊन दवाखान्यात आलेल्या बायकांना त्यांच्याच नातलगांनी हे ऐकवलेलं मी ऐकलंय. येशूनं अन्याय सहन करणाऱ्यांना धन्य म्हटलं, पण अन्याय करणाऱ्याची सोय म्हणून स्वर्ग वापरलेला शुभवर्तमानात कुठे सापडत नाही. दुसरं, टीव्हीवरचं: इतके पैसे पाठवा, विश्वासानं पेरा, तुमचं कर्ज फिटेल. कर्जात असलेल्या घराकडून पैसे मागणाऱ्याचा नंबर ब्लॉक कर. असं बोलणं आशेला याच आयुष्यापुरतं करून टाकतं, आणि पौल म्हणतो, ख्रिस्तावरची आपली आशा या आयुष्यापुरतीच असेल तर आपण सगळ्या माणसांत लाचार आहोत.

पौलानं आपल्या संकटाला 'तात्कालिक व हलके' म्हटलं आहे, २ करिंथ ४:१७. ते वचन तुला कोणी ऐकवलं असेल तर हेही वाचून ठेव की त्याच पत्राच्या सुरुवातीला तो सांगतो, आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. अकराव्या अध्यायात यादी आहे: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं, आणि या सगळ्यावर रोजची मंडळ्यांची काळजी. 'हलके' हा शब्द त्यानं स्वतःच्या पाठीवरच्या वळांबद्दल वापरला. दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल तो वापरायचा आपल्याला अधिकार नाही.

आपल्याच भागातली एक गोष्ट सांगते. सिस्टर राणी मारिया कॅथलिक होत्या, मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट), पण माझ्या लेखी त्यानं काही बिघडत नाही. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या आदिवासींमध्ये त्या काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना 'धन्य' (कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातली कमी सांगितली जाणारी बाजू जास्त विचारात पाडते. राणी मारियांचा जीव ज्या कामासाठी गेला ते काम काय होतं? बचत कशी करायची, सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज कसं घ्यायचं, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा. ज्या बाईनं सार्वकालिक जीवनासाठी घरदार सोडलं तिचा दिवस कर्जाच्या अर्जांत जात होता. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचंही तसंच. १८७७ मध्ये ते इंदुरात आले, आणि १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. हौतात्म्याशी स्वतःची तुलना करून खजील हो, म्हणून हे लिहीत नाही. तुझ्या टेबलावरचे बँकेचे कागद या दृष्टीच्या बाहेरचे नाहीत, एवढंच दाखवायचं आहे.

तर त्या कागदांचं. हप्ता चुकायच्या आधी दोघं मिळून बँकेत जा. नोकरी गेल्याचं पत्र आणि टॅक्सीच्या उत्पन्नाचा हिशेब बरोबर ठेवा, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते विचारा. एकूण व्याज जास्त जाईल हे धरून चला. चुकल्यावर गेलात तर बोलणं अवघड होतं. मोबाईलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका.

झोपेचं. सासूबाईंचं रात्रीचं उठणं अलीकडे वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी करून घे. म्हाताऱ्या माणसांत नुसत्या लघवीच्या संसर्गानंही गोंधळ एकदम वाढतो, तापसुद्धा नसतो कधीकधी. बद्धकोष्ठ, कुठे दुखणं, दिवसाची जास्त झोप, हेही बघ. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नकोस, त्यांचा तोल जाऊन हाड मोडायची भीती असते. त्यांना लहानपणीची मराठी गीतं म्हणून दाखव. नाव विसरलेली माणसं पूर्ण कडवं म्हणताना मी पाहिली आहेत, आणि संध्याकाळची चुळबुळ त्यानं बरीच शांत होते.

आणि मंडळीकडे मदत माग, पण नेमकी. 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणालीस तर प्रार्थनाच होईल. स्त्री-संगतीत उभं राहून सांग की शनिवारी दुपारी तीन तास कोणीतरी सासूबाईंजवळ बसा, मला झोपायचं आहे. लाज वाटेल. गलतीकरांस ६ मध्ये 'एकमेकांची ओझी वाहा' म्हटलंय, आणि ओझं कोणी दाखवलंच नाही तर वाहणार कसं? पाळकीणबाईंना आधी एकटीला गाठलंस तर सोपं जाईल.

तपासणीचं काय झालं ते कळव. आणि एक विचारायचं राहिलं. मिस्टरांची नोकरी गेली, ते टॅक्सी चालवतात, एवढंच तू लिहिलंस. त्यांना स्वतःला कसं वाटतंय, तुम्ही दोघं त्यावर बोलला आहात का, याबद्दल एक शब्द नाही. पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा ते आधी लिही.